चोवीस हजारांच्या वर

माझा भाऊ खोटं बोलतोय हे मला कानांनी कळलं नाही, डोळ्यांनी कळलं.

कानांना सगळं झकास वाटत होतं. आबांची सनई, ती संथ सुरुवात, मग 'सावधान'च्या आधी घेतलेली चढती फिरत. पण कुठल्याही ध्वनिमुद्रणाला हात लावण्याआधी त्याचं ध्वनिचित्र पाहायची मला सवय आहे. पडद्यावर खाली जाड आवाज, वर बारीक आवाज. आवाज असेल तिथे उजेड, नसेल तिथे काळोख. सनईचं चित्र जवळजवळ वरच्या कडेपर्यंत उजळलेलं असतं. त्या दिवशी ते चोवीस हजार कंपनांपर्यंतच उजळलं होतं आणि त्याच्या वर पट्टी ठेवून कापल्यासारखा सरळ काळोख होता. माणसाच्या फुंकरीतून आलेला आवाज असा पट्टीने कापल्यासारखा थांबत नाही.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तरी मी जुडी उलटून बघते. माझ्या धंद्याने हा स्वभाव आणखी धारदार केला. तळेगावच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीला मी चारी बाजूंनी गोधड्या लावल्यात आणि तिथे बसून मी लोकांच्या लग्नांसाठी मंगलाष्टकं लिहिते, गाते, मुद्रित करून देते. त्यात मामाचं नाव हवं असतं, आजीचं हवं असतं, परदेशातल्या आत्याचं तर हवंच हवं. सनई आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमचं घर गुरवांचं. उंब्रजपासून आत आमचं गाव आहे, तिथल्या देवळात आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत आबांनी जन्मभर सनई वाजवली. धाकटा भाऊ तुषार त्यांच्याजवळ राहतो. तो तिथेच मुद्रण करतो आणि दोन वेगळे आवाज मला पाठवतो. एक आबांची सनई, दुसरा सूर. सूर म्हणजे मागच्या वाजवणाऱ्याने न थांबता धरून ठेवलेला एकच स्वर. त्याची नळी वेगळी असते, तिची भोकं मेणाने बुजवलेली असतात, त्यामुळे बोटांचं काम नाही, फक्त दम हवा. तो तुषार धरतो.

आता हल्ली कुणाचा कशावर विश्वास राहिलेला नाही, आणि त्यालाही कारण आहे. पूर्वी सॉफ्टवेअरमधली वाद्यं म्हणजे एकेक स्वर मुद्रित करून ठेवलेला साठा असायचा. कळ दाबली की तो स्वर वाजायचा. कान तयार असलेल्या माणसाला ते पहिल्या ओळीत कळायचं. मग प्राणवाद्यं आली. कंपनीची माणसं वादकाच्या छातीला पट्टा बांधतात, सनईच्या ताडाच्या पत्तीला केसाएवढी तार चिकटवतात आणि त्याला दिवसेंदिवस वाजवायला लावतात. दम किती, ओठाची पकड किती, पत्ती किती ओली, हे सगळं एकमेकांबरोबर कसं बदलतं ते यंत्र शिकून घेतं. मग त्याला कुठलीही चाल द्या, ते संगणकात हवा, नळी, पत्ती सगळं नव्याने मांडून वाजवतं आणि त्या माणसासारखंच वाजवतं. आबांचंही असं प्राणवाद्य झालंय. तुषारनेच ती माणसं घरी आणली होती. मी तेव्हा पुष्कळ भांडले होते. आबा म्हणाले होते, "फुकायचंच हाय न्हवं? त्येंच्यासाठी फुकतो."

लग्नघरची माणसं म्हणूनच आता पहिला प्रश्न विचारतात, "सनई खरी ना?" त्यासाठी 'जिवंत' असा शिक्का असतो. जिवंत ध्वनी मंडळाचं यंत्र ध्वनिमुद्रण तपासतं आणि माणसाने वाजवलंय अशी खात्री पटली तर शिक्का देतं. माझं प्रत्येक मंगलाष्टक शिक्क्याचं. माझी सगळी पत त्यावर उभी आहे.

त्या सरळ काळोखाचा अर्थ सांगायचा तर सॅम्पल रेट समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, सोपं आहे. आवाज साठवायचा म्हणजे त्याची दर सेकंदाला काही हजार वेळा मोजणी करायची. अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजलं तर त्याच्या निम्मी, म्हणजे चोवीस हजारांपर्यंतची कंपनं पकडता येतात. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो, माझ्या वयाचा त्याहून कितीतरी कमी. म्हणजे कानाला अठ्ठेचाळीस भरपूर झाले. पण सनईची पत्ती कुणाच्या कानाचा विचार करून थरथरत नाही. ती पार वटवाघळाला ऐकू जाईल इतक्या वर जाते. म्हणून मी तुषारच्या माइकला शहाण्णव हजारांचा दर लावून दिला होता आणि बजावलं होतं, याला हात लावायचा नाही.

मग ही फाईल शहाण्णवची असूनही आतला आवाज अठ्ठेचाळीसचा कसा? एकच उत्तर होतं. हा आवाज माइकमधून आलेलाच नाही. प्राणवाद्याला दर स्वर नव्याने गणित करून काढावा लागतो. दर दुप्पट केला की गणित दुप्पट, आणि तुषारच्या जुनाट संगणकाला ते झेपत नाही, आवाज तुटायला लागतो. घरी काम करणारे सगळेच अशा वेळी अठ्ठेचाळीसवर वाजवून घेतात. आमच्या दिवट्याने तसंच केलं आणि नंतर फाईल शहाण्णवची करून पाठवली. कळशीभर पाणी हंड्यात ओतलं म्हणून हंडाभर होत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

मी सुराची फाईल उघडली. ती वरपर्यंत उजळलेली होती. सूर खराखुरा होता. म्हणजे तुषार माइकसमोर बसून सूर धरतोय आणि मुख्य सनई यंत्राची. मग आबा कुठे आहेत?

मी फोन लावला.

"आबा कुठायत?"

"रानात गेल्यात," तुषार म्हणाला.

"या उन्हात?"

"आक्का, तू काय पोलीस हाईस का?"

"आल्यावर फोन करायला सांग. तोंड दिसेल असा."

"इथं रेंज कुठली आलीया त्येवढी. बरं, सांगतो."

त्याने सांगितलं नाही. पुन्हा फोन केला तर आबा देवळात होते. त्यानंतर केला तर झोपले होते. कधी नव्हे ते माझे वडील एकाएकी इतके कामात कसे बुडाले, मला कळेना. मनात पाल चुकचुकायला लागली. जुन्या फाईली काढून पाहिल्या तर तो काळोख मागच्या दिवाळीपासून होता. एरवी मी चित्र कानाला ऐकू येतं तेवढंच, वीस हजारांपर्यंत उघडायची; या खेपेला चुकून पूर्ण उघडलं म्हणून तो दिसला. मंडळाच्या यंत्रातून त्या सुटल्या होत्या, कारण मी सनई आणि सूर एकत्र करून पाठवायची आणि वरचा सगळा उजेड सुराचा असायचा. म्हणजे माझ्याच हाताने मी लोकांना खोटी सनई खरी म्हणून विकत होते. शिवाय तो सूर तरी काय धड होता! फुलपाखरू पंख फडफडवतं तसा एकसारखा हलायचा. मी दर वेळी एका अवजाराने तो ताणून सरळ करत होते आणि तुषारला झापत होते, "दम धरता येत नाही तर तंबाखू सोड."

मकरंद, माझा नवरा, चहा घेऊन खोलीत आला.

"काय झालं? कुणाचा खून झालाय असा चेहरा केलायस."

"आबांना काहीतरी झालंय आणि तुषार लपवतोय."

"अगं, परवाच बोललीस की त्यांच्याशी."

बोलले होते. एवढासा फोन. आबांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "नवरीचं नाव काय?" हा त्यांचा नेम. नाव कळल्याशिवाय ते सनईला तोंड लावत नाहीत. मी 'मृण्मयी' सांगितलं तर ते म्हणाले, "म्रुनमयी. जड हाय, पर झ्याक हाय," आणि फोन बंद.

"तो त्यांचाच आवाज होता कशावरून?" मी म्हटलं.

मकरंदने कप खाली ठेवला. "संजीवनी, वडील आहेत ते. बँकेच्या नावाने येणारा फसवा कॉल नाही."

"ज्यांच्या फुंकरीचं सॉफ्टवेअर होतं त्यांच्या बोलण्याचं होत नाही? फोनवर तर वरचा सगळा आवाज कापलेलाच येतो. खरा कुठला आणि केलेला कुठला, पाहायचं कसं?"

तो हसला नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मी पुन्हा फोन लावला आणि आबा मिळेपर्यंत सोडला नाही. त्यांना विचारलं, "आबा, माझ्या लग्नात सनईला काय झालं होतं?"

"पत्ती फुटली हुती. का गं?"

"काही नाही."

बरोबर होतं. पण ते तुषारलाही ठाऊक होतं, आणि तुषारला ठाऊक असलेलं त्याने यंत्राला सांगितलं नसेल कशावरून? मी काहीही विचारलं असतं तरी उत्तर बरोबर आलं असतं आणि माझा संशय जागच्या जागी राहिला असता. आबा आजारी असतील, इथपासून आबा नसतीलच, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. मकरंदला म्हटलं, मी गावाला चाललेय, कुणाला कळवू नकोस.

दुपार कलताना गाडी गावात शिरली. मी ती देवळाच्या मागेच उभी केली आणि चालत घराकडे निघाले, चोरासारखी. वळणावरच सनई ऐकू आली, बारीकशी. कोपऱ्यावरच्या खोलीतून येत होती. आबांची ती संथ सुरुवात, मागे सूर, आणि तो सूर हलत होता. पकडला, मी मनात म्हटलं. आता दार उघडते आणि याच्या तोंडातून सुराची नळी काढून घेते.

अंगणात गेले तर तुषार गोठ्याशी उभा होता. हातात पेंडीची बादली. मला पाहून त्याने ती हळूच खाली ठेवली.

आत सूर चालूच होता.

"तू इथं," मी म्हटलं, "मग सूर कोण धरतंय?"

"आक्का, थांब. आधी ऐक माजं."

मी थांबले नाही.

खोलीत सतरंजी अंथरलेली होती. मधोमध मुख्य सनईवाल्याची जागा असते, तिथे पाट मांडलेला होता आणि पाटावर कुणी नव्हतं. पाटाच्या डाव्या अंगाला, हातभर मागे, जिथे सूर धरणारा बसतो, तिथे आबा बसले होते. समोरच्या स्पीकरमधून त्यांचीच सनई वाजत होती, बारीक आवाजात, आणि माइक त्यांच्या तोंडाशी होता. डोळे मिटलेले, गाल फुगलेले. सुराची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि दोन्ही हात थरथरत होते. एकसारखे, न थांबता. हाताबरोबर नळी हलत होती आणि नळीबरोबर सूर.

मी दारातच उभी राहिले. डोळे उघडून त्यांनी मला पाहिलं, पण सूर सोडला नाही. भुवईनेच खुणावलं, थांब. चाल संपली, स्पीकर गप्प झाला, त्यानंतर त्यांनी नळी खाली घेतली.

"सूर मदीच सोडत न्हाईत," ते म्हणाले. "बस. जेवलीस का?"

त्यांचे हात मी माझ्या हातात धरले तरी ते थरथरतच होते, जणू माझ्या हातात दुसऱ्याच कुणाचे असावेत.

"कधीपासून?"

"झालं की. बोटं ऐकत न्हाईत आता. भोकावर बोट ठिवलं की उडतंय. डाक्टर म्हनला, कंपवात."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला तळेगावला न्हेऊन गोदडीत गुंडाळून ठिवलं असतंस."

तुषार माझ्या मागे येऊन उभा होता. "त्येंनीच आन घातली हुती, आक्का. म्हनलं, सनई ह्या डब्ब्याची घे, सूर माजा घे, आक्काला कळू दिऊ नगंस. मी दर वाडवायचा बघितला, तर काम्पुटर मरतुया. म्हून कमीवर काढली आन वाडवून धाडली."

"आबा, तुम्ही आजोबांच्या मागं सूर धरायचात, तेव्हा पोर होतात. आता या वयात, मागं बसून?" मला राग आवरत नव्हता आणि तो नक्की कुणावर होता तेही कळत नव्हतं. "तुमच्यासारखा सनईवाला सुराला?"

"मग? फुडं कोन बसलंय बग की." त्यांनी रिकाम्या पाटाकडे हनुवटी केली. "मीच हाय न्हवं फुडं? दुसऱ्याच्या मागं थोडाच बसलोय. पर लय आगाऊ वाजवतो गं त्यो. दमतच न्हाय. मानसानं जरा थांबावं, मागच्याकडं बगावं, आसं काय न्हाय. माजं समदं घेतलं त्यानं, थांबायचं तेवडं राहिलं." मग ते लहान मुलासारखे हसले. "सूर जरा हालतो, मला कळतंय. पर तुषार म्हनला, आक्का त्यो सरळ करती मशिनीवर. लगनातलं ऐकवलं त्यानं मला. आगदी सरळ. बरं वाटलं."

मी मान खाली घातली. चोवीस हजारांच्या वरचा जो उजेड नुसता सुराचा म्हणून मी सोडून दिला होता तिथेच आबा होते, आणि दर खेपेला मी त्यांना पुसून सरळ करत होते.

मृण्मयीचं लग्न तोंडावर होतं. शिक्का हवा होता आणि यंत्राची सनई आता जाणूनबुजून पाठवणं मला जमणार नव्हतं. मी तिथेच ठरवलं, सनई नको. नुसता आबांचा सूर आणि माझा गळा. आबांना म्हटलं, "या वेळी पुढं मी बसते. गाते. तुम्ही मागं धरा."

"त्यो डब्बा नगं?"

"नको. मी थांबेन तुमच्यासाठी."

मी पाट बाजूला सारला आणि सतरंजीवर बसले. आबांनी सुराची पत्ती ओठांत धरून भिजवली, विचारलं, "म्रुनमयीच न्हवं?" आणि सूर लावला. शहाण्णव हजारांवर मुद्रण चालू होतं. मी कडव्याच्या शेवटी थांबले, मागे वळून पाहिलं, त्यांनी मान हलवली की पुढचं उचललं. इतकं सुरेल मी कधी गायले नसेन. सूर हलत होता. तळेगावला परतल्यावर मी त्याला बोट लावलं नाही. ध्वनिचित्र वरच्या कडेपर्यंत उजळलेलं होतं. त्या उजेडातून हाताची थरथर बारीक लाटेसारखी चढत गेलेली दिसत होती. मी ते मंडळाच्या यंत्राकडे पाठवलं आणि त्या दिवशी माझ्या मनात यत्किंचितही संशय नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. शिक्का नाकारला होता. खाली कारण होतं: 'सुरात सेकंदाला पाच या गतीने अतिनियमित कंपन. सुदृढ मानवी श्वासात असे आढळत नाही. जिवंतपणाचा भास निर्माण करण्यासाठी सॉफ्टवेअरने घातलेले असण्याची दाट शक्यता.'

मी ते वाचून मोठ्याने हसले, मग रडले. मकरंद धावत आला. मी त्याला पडदा दाखवला. यंत्राचंही तसं चुकलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाले आवाज खरा वाटावा म्हणून असली थरथर खरंच घालतात. यंत्राला माझ्यासारखाच संशय घ्यायला शिकवलं होतं, एवढंच.

"दाद मागता येते की," मकरंद म्हणाला. "डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं."

"आणि त्यासाठी आबांना सांगायचं, तुमचा सूर माणसाचा नाही असं ठरलंय, सही करा?"

मृण्मयीच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. बाई भल्या होत्या, पण शिक्क्याशिवाय चालणार नाही म्हणाल्या. पाहुण्यांत चर्चा होते. त्यांनी दुसरीकडून मंगलाष्टक करून घ्यायचं ठरवलं. शिक्क्याचं.

संध्याकाळी फोन वाजला. तुषारचा होता, पण बोलत होते आबा.

"पास झालं का गं?"

माझ्या समोर पडद्यावर ती लाट अजून तशीच होती.

"झालं की, आबा. पहिल्या झटक्यात."

फोनच्या पलीकडे तुषार असणार. त्याला मी निकाल आधीच कळवला होता. त्याने मला उघडं पाडलं नाही.

"बग, म्हनलं न्हवतं? डब्ब्याबिगर बी हुतंय." आबांना दम लागला होता, आनंदाने लागला होता. "आता फुडचं लगीन कवा?"

पुढचं लग्न नव्हतं. आबांच्या सुरावर शिक्का मिळणार नव्हता आणि शिक्क्याशिवाय कुणी घेणार नव्हतं. धंद्यासाठी मला दुसरा सनईवाला शोधावाच लागणार होता.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. "कराडला आहे."

"नवरीचं नाव काय?"

मी भिंतीवरच्या गोधड्यांकडे पाहिलं.

"वेणू."

"वेणू," आबांनी नाव तोंडात घोळवून पाहिलं. "सोपं हाय. झ्याक हाय. उद्याच बसतो. हालला सूर, तर घे तू सांभाळून."

"घेते, आबा."

फोन ठेवला. मी वेणूच्या नावाने नवी फाईल उघडली, दर शहाण्णव हजार ठेवला आणि तिच्या मामाचं नाव काय असावं याचा विचार करत बसले.